खटाऱ्याचा आवाज

केंद्रात सगळे तिला मागून नापासबाई म्हणत, आणि हे तिच्या कानावर होतं. आंधळ्यांना वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांची शेवटची परीक्षा ती घ्यायची. बाजारात पडलेला पाव हुंगला, नापास. लिफ्टमध्ये कुणावर गुरगुरला, नापास. प्रशिक्षक नाकदुऱ्या काढत, पण बाई कसल्या बधतायत! कुत्रा चुकला तर माणूस जिवानिशी जातो, हे तिचं अकरा वर्षांचं पालुपद होतं.

सगळ्यात अवघड पेपर चौकातला. डोळ्यांवर पट्टी बांधून बाई कुत्र्याला 'चल' म्हणायची, आणि नेमका तेव्हाच केंद्राचा ड्रायव्हर गल्लीतून गाडी बाहेर काढायचा. हुकूम मोडून जागच्या जागी थांबेल तोच कुत्रा पास. तिच्या धाकट्या भावाचा कुत्राही इथेच पास झालेला. भावाची नजर विशीतच गेली होती. परवा तो फोनवर खुशीत सांगत होता, की त्याच्या रस्त्यावर आता बॅटरीच्या टॅक्सी आल्यात, कानांना केवढा आराम!

त्या मंगळवारी केंद्राचा खटारा गॅरेजला गेला. अर्ध्या मैलावरून खडखडत येणारी ती गाडी, तिला कोण ओळखणार नाही? ड्रायव्हरनं जावयाची नवी बॅटरीची गाडी आणली. पहिली कुत्री केंद्रातली सगळ्यात हुशार. 'चल' म्हटल्यावर ती सरळ चालू लागली. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला तरी बंपर बाईच्या गुडघ्याला टेकलाच.

बाईनं नापासचा शेरा मारला आणि घोटभर पाणी प्यायली. दुसरा कुत्राही तसाच निघाला. तिसराही. ड्रायव्हरचा चेहरा पांढराफटक पडला.

"बाई, ही सगळी खटाऱ्यावरच शिकलीत," तो हळूच म्हणाला. "सरावाला तोच, परीक्षेलाही तोच."

आता तिच्या ध्यानात आलं. कुत्री गाडी बघून थांबत नव्हती, आवाज ऐकून थांबत होती. रस्त्यावरच्या गाड्या आवाज करत होत्या म्हणून इतकी वर्षं निभावलं. तिच्या सहीनं पास झालेले कुत्रे सत्तरच्या वर असतील, पण तिला एकच आठवत होता.

साडेदहा वाजत आले होते. ही भावाची कामावर जायची वेळ. तिनं त्याचा नंबर लावला. बराच वेळ रिंग वाजत राहिली. एकदाचा त्यानं फोन उचलला.

"आहेस तिथंच थांब," ती ओरडली. "एक पाऊलही टाकू नकोस."

लहानपणापासून त्यानं तिचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता.

"थांबलो," तो म्हणाला. "पण ताई, मी रस्त्याच्या मधोमध आहे."