फळ्यावरच्या सासूबाई

आता काय सांगू तुम्हाला, माझ्या हातून सासूबाई गेल्याच होत्या! थांबा, ठसका लागेल, कप खाली ठेवा. सुरुवातीपासून सांगते.

मी विरारच्या फ्लॅटमध्ये वाढलेली. लग्न होऊन वटारला आले त्याला जेमतेम तीन महिने झालेले. कुकरची शिट्टी झाली तरी दचकणारी मी! सासूबाईंनी त्या वर्षी पहिल्यांदाच सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, विकायला काढली.

"बीकॉम ना गं तू? मग गिऱ्हाइकं आण."

झालं! कुणीच फिरकलं नाही, तर या घरात माझी काय पत राहणार?

कॉलेजात शिकलेलं आठवलं: जसं वय, तसं माध्यम. तरुणांसाठी सायबर कॅफेत जाऊन गावाच्या ऑनलाइन कम्युनिटीवर फोटो टाकला. नोकरदारांना एसएमएस. आणि म्हातारी मंडळी? देवळाजवळ एक काळा फळा होता. येता-जाता प्रत्येक आजी-आजोबा तिथे थांबायचेच. आणि कुणी पैसेही मागत नव्हतं!

रविवारी पहाटेच जाऊन सासूबाईंच्या नावाने ठळक लिहिलं: 'कमळाबाई. आज सकाळी नऊ वाजता. राहत्या घरी.' 'सुकेळी मिळतील' हे खाली, उरलेल्या जागेत, बारीक. आधी नाव ठसवायचं, हेही कॉलेजातच शिकले होते.

साडेसातला वसईहून मावससासूबाईंचा फोन.

"फळ्यावर ताईचं नाव आहे म्हणे. खरं का गं?"

"हो मावशी! किती दिवस वाट बघत होतो, आलाच एकदाचा दिवस! घरात सगळे इतके खूश आहेत ना!"

फोन खाडकन बंद. मला वाटलं, रेंज गेली.

नऊला अंगणात पाय ठेवायला जागा नाही! पण सगळे पांढऱ्या कपड्यांत, आणि गप्प. एका आजोबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"शेवटचं पानी तरी पाजलंस ना, पोरी?"

"पाणी कशाला आजोबा? चहा ठेवलाय!"

तेवढ्यात सासूबाई सुकेळ्यांचं ताट घेऊन बाहेर आल्या. वसईहून धावत आलेल्या मावशी किंचाळल्या. मी त्यांच्याहून मोठ्याने!

नवऱ्याने कपाळावर हात मारला. "अगं, त्या फळ्यावर मयताशिवाय काही लिहीत नाहीत!"

मी रडायच्या बेतात. पण आजोबांना हसू फुटलं, मग सगळ्यांनाच. आलोच आहोत तर रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून दहाच्या आत सगळी सुकेळी संपली. आणि कम्युनिटीवरून? 'वॉव, यम्मी!' असे ढीगभर रिप्लाय. माणूस एक नाही!

"हुशार आहेस गं," सासूबाई पदराने घाम पुसत म्हणाल्या. "पुढच्या वर्षीही फळ्यावरच लिहू."

मी हुश्श केलं.

"फक्त नाव तुझं घालू."