खड्ड्याबाहेरचा माग

भैय्याजींना मी एकदाच सांगितलं होतं, शेड बांधायच्या आधी विणणाऱ्या बाईला विचारा. त्यांनी तशीच बांधली, आणि काम अडल्यावर तीन विद्वानांना विचारलं. विणकर सोसायटीचे अध्यक्ष पडले ना, शहाण्याशी बोलल्याशिवाय त्यांना अन्न पचत नाही.

आम्ही नागपूरच्या महाल भागातल्या विणकर घरच्या. मी सुभद्रा, आणि माझ्याच शेजारच्या मागावर माझी मोठी बहीण कुसुमावती. पन्नाशीपर्यंत आम्ही जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून विणलं. ताईचे गुडघे तिथेच गेले. सोसायटीनं सक्करदऱ्याकडे नवी शेड बांधली, फरशी घातली, उंच माग बसवले, तेव्हा ताई त्या बाकावर बसली आणि म्हणाली, "आता माणसावानी बसली मी." तिला इतकं खूश मी तिच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

एप्रिल लागला आणि धागे तटातट तुटायला लागले. एक सांधावा तर दोन तुटावेत. आम्ही सूतवाल्याला शिव्या घालून सूत परत केलं. नवं आलं, तेही तुटलं. भैय्याजींनी मग ठरवून टाकलं. ताईच्या मागावर एक नऊवारी चढलेली होती. ती मे संपायच्या आत नीट उतरली तर माग राहतील, नाही तर शेड गोदामाला जाईल. ताईला दुसरी जागा नव्हती आणि खड्ड्यात तिला आता उतरता येत नव्हतं. माग गेला असता तर ती घरी बसून भिंती पाहत राहिली असती.

विद्वान एकेक करून आले, आणि तिघांची गाठ तेव्हा पडली नाही. कापड शिकवणारे सर म्हणाले, कोरड्या हवेत सूत तुटणारच, जमिनीची ओल लागते, परत खड्डे करा. हाडांचे डॉक्टर म्हणाले, या बाई खड्ड्यात बसल्या तर मी जबाबदार नाही. यंत्रवाले साहेब म्हणाले, खिडक्या बंद करा, एसी लावा. एसीनं उरलीसुरली ओलही प्यायली. तो काढून भैय्याजींनी कूलर आणला आणि गारवा बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या बंदच ठेवल्या. कूलरला खिडकी उघडी लागते; नागपुरात जन्म घालवून हे शहाणपण! चार दिवसांत ताण्यावर, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांवर, काळे ठिपके आले, आणि कूलरच्या झोतात धागे तुटतच राहिले. तीन तिघाडा, काम बिघाडा.

तेव्हा हर्षा आली. ताईची मुलगी, तिशीची. हिची कथा आमच्या नात्यात चवीनं सांगतात. आधी कॉलेजात सूक्ष्मजीव शिकली. पदवी घेतली आणि ते सोडलं. मग घरांमध्ये हवा-उजेड कसा खेळवायचा ते शिकायला गेली, तेही वर्षभरानं सोडलं. आता धरमपेठेत एका दवाखान्यात दुखऱ्या लोकांच्या खुर्च्या-बाकांची मापं बसवते. ताई म्हणायची, "एक ना धड, भाराभर चिंध्या." आणि चिंध्या हा शब्द विणकराच्या तोंडून आला की तो लागतोच.

आमच्यात साडी उतरली तरी जुना ताणा पूर्ण कापत नाहीत. शेपटासारखी टोकं मागाच्या फणीत ठेवतात आणि नव्या ताण्याचा एकेक धागा पीळ देऊन त्यांना जोडतात. ते काम घरच्या हातानं व्हायचं. हर्षानं पहिला विषय सोडला त्या दिवसापासून ताईनं तिला त्या टोकांना हात लावू दिला नाही. "जिले कशाच्याच टोकाले जाता येत नाही, तिनं माह्या टोकाले हात नाही लावाचा," असं चारचौघांत म्हणाली होती. मला तेव्हाही ताईचा राग आला होता आणि आजही आहे.

हर्षा दिवसभर ताईला विणताना पाहत राहिली. मग म्हणाली, "मावशी, सरानं सूत पाहिलं, डाक्टरनं गुडघे पाहिले, साहेबानं खोली पाहिली. आई कोणाले दिसूनच नाही राहिली."

"तुले काय दिसून राहिलं वं?" ताई फणकारली.

हर्षानं मागाखाली विटांची बुटकी चौकट केली, त्यात रेती भरली आणि रोज पाणी शिंपडायला सांगितलं. ओल खड्ड्यातली, पण बसणं बाकावरचं. बाक थोडा खाली घेतला, पायाखाली फळी दिली. कूलरचं तोंड ताण्यावरून काढून भिंतीकडे केलं, समोरची खिडकी उघडली. धागे तुटायचे थांबले. पण काळे ठिपके काही थांबले नाहीत, उलट वाढले. ताईच्या चेहऱ्यावर दुःख हवं होतं, तिथे मला समाधान दिसलं. मुलगी चुकली याचं समाधान! मी तिला तोंडावर म्हटलं, "साडी बुडून राहिली अन् तू खूश काहून?"

दुसऱ्या दिवशी हर्षा ताईच्या स्वयंपाकघरात गेली आणि खळीचं भांडं हुंगून आली. ताण्याला पाजायची भाताची खळ आम्ही घरीच शिजवतो, आणि दह्याच्या विरजणासारखी कालची थोडी खळ आजच्या खळीत घालतो. आईनं शिकवलं, तिला तिच्या आईनं. त्यानं चिकटपणा येतो.

"आई, हे बुरशीचं विरजण होय," हर्षा म्हणाली. "पहिले तुम्ही ताणा गल्लीत उन्हात पाजत होत्या, त्यात ते मरे. आता ओल्या सावलीत ते वाढून राहिलं. शिळी खळ घालू नको. पाजणी उन्हात कर."

"माह्या आईची रीत तू मोडशीन?"

"मोडत नाही. ऊन परत आणून राहिली."

ताईनं चार शिव्या घातल्या आणि भांडं घासायला टाकलं. चढलेला ताणा हर्षानं खिडकीच्या उन्हात थोडा थोडा करून वाळवला, मी पुसला. साडी मे संपायच्या आधी उतरली. डाग काठाच्या आत एका ठिकाणी राहिला, तो बंद खिडक्यांची खूण म्हणून मी मुद्दाम भैय्याजींना दाखवला.

त्यांनी माग राहू दिले आणि सत्कार ठेवला. शेडबाहेर फ्लेक्स लागला, त्यावर तिन्ही विद्वानांचे फोटो. हर्षाचं नाव कुठेच नाही. मी विचारलं तर म्हणतात, "नाव टाकाले हरकत नव्हती सुभद्राबाई, पण कोणत्या विषयाच्या तज्ज्ञ म्हणून टाकाचं? तिचा विषयच समजून नाही राहिला." आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ते हेच.

विद्वान बाहेर शाली पांघरून बसले. भैय्याजी ताईला द्यायची शाल घेऊन आत आले. ताई मागावर होती. नवा ताणा आला होता, जुनी टोकं फणीत लोंबत होती. तिनं भैय्याजींकडे पाहिलंही नाही.

"उभी काय राहिली?" ती हर्षाला म्हणाली. "बस. जोड."

हर्षा बसली. पहिला धागा तिच्या बोटांतून निसटला. ताईनं तो उचलून पुन्हा तिच्या हातात दिला.

भैय्याजी शाल घेऊन दारातच उभे होते. ताई तशीच पाठमोरी म्हणाली, "दार लावून घ्या. उन्हाची लू आत येऊन राहिली."