एका डोळ्याचा डबा आणि अक्काचा कोलू

अक्काच्या कोलूचा फोटो आईच्या भिंतीवर आणि माझ्या कोलूचा कुठेच नाही, हे मला फार सलायचं. आता केस पिकले तरी आठवलं की सलतं. खोटं कशाला बोलू?

गुडघे गेल्यापासून आई सुंदरपेरुमाळ कोयिल गावी माझ्या भावाकडेच असायची, कुंभकोणमला येणं तिने सोडलं होतं. आम्हा दोघी बहिणींना मात्र कुंभकोणमातच दिलेलं. अक्का महामहम् तळ्यापाशी, मी कावेरीकडच्या गल्लीत. आमच्या तंजावरी मराठी घरांतून नवरात्रात तमिळ शेजाऱ्यांसारखाच कोलू मांडतात. फळ्यांच्या पायऱ्या करायच्या, त्यांवर देव, राजा-राणी, वाणी-वाणीण अशा बाहुल्या बसवायच्या आणि येईल त्या बाईला हळदकुंकू नि वाटीभर सुंडल, म्हणजे हरभऱ्याची कोरडी उसळ, द्यायचं. आईला कोलूचं वेड. तिला घरबसल्या बघायला मिळावा म्हणून अक्काने आपल्या कोलूचा फोटो पाठवायची टूम काढली आणि तिथून माझं पोट दुखायला लागलं.

अक्काचं सगळं आधीपासूनच वरचढ. आईची जुनी, तांबड्या लाकडाची राजा-राणी, अक्का थोरली म्हणून तिला मिळाली. मला लग्नात नवी कोरी जोडी आणली, तिला अजून तेलाचा हातसुद्धा लागला नव्हता. त्यात भावोजी कचेरीत मोठ्या हुद्द्यावर. विलायतेला परत निघालेल्या कुणा साहेबाकडून त्यांनी कॅमेरा घेतला होता. तिपाई, काळं कापड आणि मखमलीच्या पेटीत झोपवलेली वेगवेगळी भिंगं. अंधाऱ्या माजघरातही ते पूड भडकवून भक्कन उजेड पाडायचे आणि बाहुलीच्या नाकातली नथसुद्धा फोटोत दिसायची. अक्काने एकदा शेजारी बसू का म्हणून विचारलं तर म्हणाले, "माणूस आला कीं मांडणी बिघडते." तो फोटो चौकटीत बसवून आईकडे गेला. भावाकडे जाईन तेव्हा तो मला भिंतीवरून बघायचा.

माझ्याकडे होता डबा. आमच्या ह्यांनी मद्रासहून हौसेने आणलेला आणि महिन्याभरात विसरलेला. काळा, चौकोनी, पुढे काचेचा एकच डोळा. तो डोळा ना पुढे यायचा ना मागे जायचा. काय लहानमोठं करायचं ते आपल्या पायांनी. फार जवळ गेलं की माणूस पिठाच्या गोळ्यासारखा दिसायचा, फार लांब गेलं की मुंगीएवढा. डबा पोटाशी धरून वरच्या इवल्याशा काचेत वाकून बघायचं. शेजारणींना पहिल्यांदा वाटलं, मी कुंकवाच्या करंड्यात तोंड बघते आहे.

पण त्या डब्याने मी काय काय टिपलं! गच्चीवर अप्पळम-पापड वाळत घालणाऱ्या बायका, नाचियार्कोविलहून पितळी समया घेऊन आलेला म्हातारा, घाटाच्या पायरीवर ओला बसलेला कुत्रा. रोज वापरून त्याचं अंतर माझ्या पायांत बसलं होतं. माणूस दिसला की पाय आपसूक मागे सरायचे. त्याला लागायचं फक्त ऊन, तेही आपल्या पाठीशी. भावोजी त्याला खेळणं म्हणत. म्हणोत. त्यांचा कॅमेरा दसऱ्या-दिवाळीला पेटीबाहेर यायचा, माझा रोज राबायचा.

घोडं अडलं ते कोलूपाशी. कोलू माजघरात आणि माजघरात ऊन कुठलं? पहिल्या वर्षी काढलेला फोटो तव्यासारखा काळा आला. हे म्हणाले, "झकास! अमावास्येचा कोलू." मी त्या दिवशी रसम मुद्दाम अळणी केलं.

दुसऱ्या वर्षी मी मनाशी ठरवलं की यंदा आईच्या भिंतीवर माझाही कोलू लागणार. बसलेला कोलू नवरात्रात हलवत नाहीत. दसऱ्याच्या रात्री एक बाहुली आडवी निजवायची, की कोलू संपला, आणि सकाळी सगळ्या बाहुल्या कापडात गुंडाळून पेटाऱ्यात. म्हणजे ती सकाळच काय ती माझी. आडव्या निजवलेल्या राणीला नमस्कार केला आणि ह्यांच्या मदतीने फळ्या मागच्या अंगणात आणल्या. एकेक बाहुली होती तशी जागच्या जागी मांडली. ऊन पाठीशी घेतलं, पायांनी अंतर धरलं, श्वास रोखला आणि खटका दाबला. फिल्मवर तेवढं एकच चित्र उरलं होतं.

फोटो हाती आला तो तळहाताएवढा, पण स्वच्छ! मी हरखले. कुणाला न दाखवता कागदात गुंडाळला आणि पहिल्या गाडीने आईकडे गेले. नेमकी अक्का तिथे आधीच हजर, नवी चौकट घेऊन.

तिने माझा फोटो हातात घेतला आणि खो खो हसत सुटली.

"अय्यो! निजलेल्या बाहुलीसकट फोटो काढलीस ग? संपलेला कोलू आईस दाखवूलालीस?"

मी बघितलं आणि पायाखालची जमीन सरकली. राणी आडवीच होती. निजवलेली बाहुली पुन्हा उभी करायची नाही, हे हाताला लहानपणापासून इतकं पक्कं, की अंगणात आणतानाही मी तिला निजलेलीच ठेवली होती. शिवाय पाठीशी ऊन घेतल्यामुळे माझी सावली पायऱ्या चढून नेमकी त्या राणीवर पडली होती. एका फोटोत दोन चुका. अक्काच्या फोटोत नथसुद्धा दिसत होती आणि माझ्यात दिसत होता माझा वेंधळेपणा. फोटो फाडून चुलीत घालावा असं वाटलं. अक्कालाही घालावं असं वाटलं.

आईने फोटो मागून घेतला. डोळ्यांशी नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला.

"ही काळी कोण?"

"मीच, आई. सावली पडली."

"निजलेलीस ऊन लागूं नये म्हणून उभी राहिलीस कीं ग," आई म्हणाली. मग अक्काच्या चौकटीकडे वळून तिने साधेपणाने विचारलं, "आणि तूं कोठें आहेस ह्यांत?"

अक्काचं हसू जागीच विरलं. आईने माझा फोटो भिंतीवरच्या रामाच्या मोठ्या चित्राच्या चौकटीत, कोपऱ्यात खोचला. तळहाताएवढा होता म्हणूनच तो तिथे मावला. अक्काचा रामाच्या शेजारीसुद्धा मावत नव्हता, तो समोरच्या भिंतीवर गेला. परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसून एकटीच हसत होते. समोरच्या बाईने जागा बदलली.

पण असूया काही एकट्या माझ्या घरची दासी नव्हती. पुढच्या नवरात्रानंतर आईकडे गेले तर समोरच्या भिंतीवर नवी चौकट. अक्काचा कोलू, तशीच लखलखीत नथ, आणि बाहुल्यांच्या मधोमध एक सावली. भावोजींना तिने अख्खी संध्याकाळ राबवलं होतं. उजेडाची पूड आपल्या पाठीमागे भडकवून घेतली होती आणि स्वतः अंग चोरून, मान कलती करून उभी राहिली होती. आईची जुनी तांबडी राणी तिने आडवी निजवली होती, तीही ऐन नवरात्रात, नियमबियम गुंडाळून.

सावली माझ्यापेक्षा रेखीव होती. अंबाड्यातलं फूलसुद्धा कळत होतं.

आई तो फोटो मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बघत बसली. मी आईला बघत बसले.