आखातातून आलेलं पाणी

नव्वदच्या दशकात आम्ही बेलापूरला राहायला आलो. नवरा तेलवाहू जहाजावर इंजिनीअर, मी शाळेत विज्ञान शिकवायचे, आणि साताऱ्याहून आलेल्या सासूबाई घर सांभाळायच्या.

एका मासिकात मी वाचलं, की इराणच्या आखातात उन्हानं पाणी आटतं, जास्त खारट आणि जड होतं, आणि तळातळानं आपल्या अरबी समुद्रात उतरतं. पण इथं ते तळ गाठत नाही. मध्येच थांबून पसरतं. जड आहे, तर मध्येच का थांबतं? डोक्यातून जाईना.

नवरा जहाजावर निघाला तेव्हा म्हटलं, "येताना एक बाटली आखाताचं पाणी आणा. आणि एक भर समुद्रातलं."

"लोकांच्या बायका सोनं मागवतात," तो हसला. पण सुट्टीवर आला तो दोन्ही बाटल्या घेऊनच.

बाटलीभर समुद्राच्या पाण्यानं बरणी भरणार नव्हती, म्हणून खाडीचं पाणी आणायला मी जवळच्या दिवाळे गावच्या कोळीवाड्यात गेले. मासळी विकणारी बाई म्हणाली, "पानी नेऊन काय करशील, बाय? बोंबील ने." मी दोन्ही आणलं.

काचेच्या बरणीत खाडीचं पाणी घेतलं. आखाताच्या थोड्या पाण्यात नीळ कालवली आणि ते चमच्यावरून हळूच सोडलं. ते सरळ खाली गेलं आणि तळाशी बसलं.

"गेलं की तळाला," सासूबाई म्हणाल्या. "तुझं मासिक चुकलं बघ."

मी हिरमुसले. नवरा बरणीकडे बघत होता. म्हणाला, "खोल समुद्रातलं पाणी गार असतं. गार म्हणजे आणखी जड. ते कुठंय यात?"

भर समुद्राची बाटली फ्रिजमध्ये गेली. ताकाच्या पातेल्याशेजारी ती बघून सासूबाई कुरकुरल्या, पण गार झालं का म्हणून सारखं दार उघडत होत्या त्याच.

संध्याकाळी बरणीत आधी गार पाणी ओतलं, त्यावर अलगद खाडीचं. मग निळं सोडलं. ते खाली निघालं, जाता जाता कडेनं फिकट होत गेलं, आणि मध्यावर थांबलं. तिथंच आडवं पसरलं. आम्ही तिघंही बरणीवर वाकलो होतो.

"वाटेत खाडीचं पाणी मिसळलं ना, म्हणून हलकं झालं!" मी जवळजवळ ओरडलेच. "आता गार पाण्याखाली जाणार कसं?"

बरणी तशीच ठेवली. पंधरा दिवसांनी बघितलं तर अख्खी बरणी एकसारखी फिकट निळी.

"आता यातलं आखाताचं कुठलं गं?" सासूबाईंनी विचारलं.

"ते नाही सांगता येणार. पण त्याचं मीठ सगळ्या बरणीत आहे."

त्या थोडा वेळ बरणी फिरवून बघत राहिल्या. मग चहा पीत बसलेल्या लेकाला म्हणाल्या, "तुझी बोट तांबड्या समुद्रातनं जाते का रे? तिथलंबी आण एक बाटली."