स्कार्नबीची बदकं

गुरुदासचं डोकं फिरलं की तो इंग्रजी बोलतो, हे अख्ख्या आचऱ्याला ठाऊक आहे. गेल्या वर्षभरात त्याने इतकं इंग्रजी झाडलं की शेजारच्या गोठ्यातल्या म्हशीलाही 'नॉनसेन्स' कळायला लागलं असेल. आणि एवढा संताप कशावरून, तर बदकांवरून! तीही इथली नव्हेत. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर स्कार्नबी नावाचं एक बारकंसं बंदर आहे, तिथल्या बागेतल्या तळ्यातली बदकं, आणि तीही मरून पन्नासेक वर्षं झालेली. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने बीपीची गोळी घ्यायची, पेज जेवायची आणि ओटीवर पडायचं की नाही? पण हा उठल्यापासून मोबाईल धरून साता समुद्रापलीकडच्या बदकांसाठी भांडायचा.

त्याचं असं झालं. तरुणपणी गुरुदास जहाजावर खलाशी होता. एकदा माल घेऊन जहाज स्कार्नबीला लागलं आणि तिकडे मालकाने दिवाळं काढलं. झालं, सरकारने जहाज धक्क्यालाच अडकवून ठेवलं. साहेबलोक आपापल्या घरी गेले. मागे राहिले आपल्या कोकणातले खलाशी, ना पगार, ना परतीचं तिकीट. अख्खा हिवाळा त्यांनी तिथे काढला. गुरुदासचा जीव की प्राण असलेला बाबली त्या जहाजावर आचारी होता, तोही गावचाच.

पण गुरुदासला विचाराल तर तो हिवाळा म्हणजे त्याच्या आयुष्यातलं सुख. बेकरीवाली बाई उरलेले पाव पिशवी भरून पाठवायची. चर्चच्या हॉलमध्ये गरम सूप मिळायचं. कुणीकुणी घरातले जुने कोट आणून दिले. न्हावी तर पैसे न घेता केस कापायचा आणि वर तासभर गप्पा मारायचा, त्या गप्पांतच गुरुदास इंग्रजी शिकला. त्या गावातली चढाची गल्ली, मासळीबाजारातली घंटा, धुक्यात हरवणारं दीपगृह, सगळं त्याला मालवणच्या बाजारापेक्षा जास्त पाठ. घरी आल्यावर हे सांगायला त्याची जीभ नुसती वळवळायची. आणि लोक काय विचारायचे? "लंडन बघलंस काय रे?" नाही म्हटलं की उठून जायचे. किती वर्षं माणसाने आठवणी एकट्याने चघळायच्या?

म्हणून सून प्राजक्ताने त्याला मोबाईलवर स्कार्नबीकरांचा एक गट शोधून दिला, तेव्हा त्याला आकाश ठेंगणं झालं. तिथली म्हातारीकोतारी जुने फोटो टाकत, इथे अमक्याचं दुकान होतं, तिथे तमक्याची शाळा होती, असं लिहीत. गुरुदासने न्हाव्याची आठवण लिहिली. न्हाव्याच्या पुतणीने तिकडून लिहिलं, वाचून रडले. गुरुदासही इकडे रडला. सगळं बरं चाललं होतं. मग एक दिवस गट चालवणाऱ्या डोरीनबाईंनी त्या अडकलेल्या जहाजाचा फोटो टाकला, आणि खाली कुणीतरी लिहिलं, "हेच ते उपाशी हिंदी खलाशी, ज्यांनी बागेतली बदकं खाल्ली."

आवशीचो घोव! गुरुदास जो उसळला तो उसळलाच. "उपाशी? आमी उपाशी? अरे, तुमच्याच आयाबायांनी आमका पोटभर घातलानी, आणि तुमीच आमका चोर म्हणतास?" हे प्राजक्ताने गोड करून इंग्रजीत लिहिलं. त्याने ते वाचलं, पुसलं आणि स्वतः कडू करून लिहिलं. बरोबरचे सगळे खलाशी एकेक करून गेले, बाबलीही गेला. आता त्यांच्या तोंडाला लागलेलं हे काळं पुसणार कोण? मी एकटाच उरलोय ना, असं तो येईल त्याला ऐकवायचा. ऐकणाऱ्याला बदकं कळायची नाहीत, पण मान हलवावीच लागायची.

बरं, आम्ही नाही खाल्ली एवढं म्हणून गप्प बसावं. तर नाही! मग बदकं गेली कुठे, असं कुणीतरी विचारलं आणि गुरुदासने थेट बागेच्या राखणदाराचं नाव घेतलं. हॉब्स नावाचा माणूस होता तो. नाताळ तोंडावर आला होता, नाताळात भाजलेलं बदक त्यांच्याकडे आवडीने खातात, म्हणजे त्यानेच विकली असणार. उगाच का त्याला नोकरीवरून काढलं? पुरावा म्हणाल तर शून्य. पण गुरुदासने इतक्या ठसक्यात लिहिलं की गटावर माना डोलायला लागल्या. फक्त जीन नावाच्या बाईने एक ओळ लिहिली, "माझ्या वडिलांनी बदकं विकली नाहीत." गुरुदासने उत्तर ठोकलं, "मग पंख छाटलेली बदकं उडून गेली काय?" गुरुदासला वाटलं, जिंकलो.

डोरीनबाई गावाच्या आठवणींचं पुस्तक काढणार होत्या. त्यांनी कळवलं, गावच्या हॉलमध्ये सभा आहे, तुम्ही व्हिडिओवरून बोला, जे बोलाल तेच पुस्तकात जाईल. शनिवार ठरला. तिकडची दुपार म्हणजे इकडची दिवेलागण. गुरुदासने पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवला. आता बघू कोण आमच्या बाबलीला चोर म्हणतो ते!

आणि रामेश्वराचा कौल झाला, गावपळण! त्याच आठवड्यात!

ठराविक वर्षांनी आचरं असं ओस पडतं. ढोलावर घाव पडला की माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळ्यांनी वेशीबाहेर जायचं, तीन रात्री रानात झोपड्या घालून काढायच्या आणि देवाने परत कौल दिला की घरी यायचं. मागे कुणी राहत नाही, आजारी माणूससुद्धा. पोरांची चंगळ, बायकांच्या फुगड्या, रात्रभर भजनं. एरवी गुरुदास सगळ्यात पुढे असायचा. यंदा मात्र त्याने कपाळावर हात मारला. घरातलं वायफाय घरात, आणि हा शेजारच्या चिंदर गावाच्या बाजूला माळावर, माडाच्या झावळ्यांखाली.

"देवाक दुसरो आठवडो गावलो नाय?" तो करवादला.

"बाबा, देवाला डोरीनबाईंचा नंबर देऊन ठेवायला हवा होता तुम्ही," प्राजक्ता म्हणाली आणि चुलीकडे वळली. त्याला हसू आलं नाही.

माळावर रेंज येते आणि जाते. तो मोबाईल उंच धरून काजूच्या झाडाखाली गेला, दगडावर चढला, दुसऱ्याच्या झोपडीत घुसून शिव्या खाऊन आला. शनिवारी दुपारी एकदाची एका कोपऱ्यात रेंज सापडली, ती नेमकी सावित्रीवयनीच्या झोपडीपाशी. सावित्री म्हणजे बाबलीची बायको. म्हातारी बाहेर सुपात तांदूळ निवडत बसली होती. गुरुदास तिच्यासमोर येरझाऱ्या घालत भाषण घोकायला लागला.

"कसला रे आरत्यो म्हणतास?" तिने विचारलं.

"तुझ्या घोवाची अब्रू वाचवतंय गो, वयनी." आणि त्याने तिला सगळं सांगितलं. तळं, बदकं, हॉब्स, पुस्तक, सगळं.

सावित्रीच्या हातातलं सूप थांबलं. मग म्हातारीला जे हसू फुटलं ते आवरेना, पदर तोंडाला लावला तरी आवरेना. "अरे, ती बदकां ह्यांनीच आणलेली! राखण दिल्यानी मां थंयसर."

"खंयची राखण?" जागा राखणाऱ्या देवाला कोंबड्याचा मान द्यायचा ती राखण गुरुदासला ठाऊक होती, पण इंग्लंडात?

"खंयची म्हणजे? त्या गावची! जहाज हलत नाय, घराक जावक गावत नाय, म्हणजे थंयच्या जागेवाल्याचा कायतरी ऱ्हवला असतला. राखण देवक होयी. कोंबो खंयसून आणतले? तळ्यात बदकां दिसली, दोन धरून आणल्यानी. धक्क्याच्या कोपऱ्यात गाऱ्हाणा घातल्यानी आणि मगे रांधल्यानी. तुमी सगळ्यांनी खाल्लास. म्हातारी कोंबडी म्हणान सांगल्यानी तुमका."

गुरुदासला ती सागोती आठवली. चिवट होती. वर त्याने बाबलीला शाबासकी दिली होती आणि आणखी रस्सा मागून घेतला होता.

"माका कित्याक नाय सांगल्यान मेल्यान?"

"तू धर्मराज! तू जाऊन त्या बेकरीवालीक सांगलं असतंस. माका पण शपथ घातलेली. पण आता ते ऱ्हवले नाय आणि तू हयसर त्याच बदकांसाठी रगात आटवतंस, मगे काय करू?" आणि ती शांतपणे पुढे म्हणाली, "राखण पावली मां पण. म्हयन्याभरात तुमी घराक इलास."

गुरुदासच्या अंगाचा तिळपापड झाला. बाबलीवर रागवावं तर बाबली नाही. सावित्रीवर ओरडावं तर तिचं काय चुकलं? देवावर चिडावं तर देवाच्याच कौलाने त्याला इथे तिच्या दारात आणून बसवलेलं. खरी आग झाली ती वेगळ्याच गोष्टीने. त्या हॉब्सला, काही पुरावा नसताना, त्याने जगासमोर चोर ठरवलं होतं. ज्या गोष्टीसाठी तो वर्षभर जळत होता तीच त्याने दुसऱ्याच्या बापाला केली होती. "गाढव मी, गाढव," तो म्हणाला. सावित्रीने नाही म्हटलं नाही.

आता रेंज जावी, असं त्याला पहिल्यांदाच वाटलं. पण ती मेली कशाला जाते! ठरल्या वेळी फोन वाजला आणि आरशासारखं स्वच्छ चित्र आलं. हॉल भरलेला, सगळी पांढरी डोकी, पुढे डोरीनबाई. मागे कुणाच्या तरी झोपडीत भजन सुरू झालं होतं, प्राजक्ताने धावत जाऊन ते थांबवलं. सावित्री सूप बाजूला ठेवून टक लावून बघत होती. डोरीनबाई म्हणाल्या, "मिस्टर गुरुदास, बोला. आम्ही लिहून घेतोय."

गप्प बसला असता तर? बाबली सुटला असता, बाकीचे खलाशी सुटले असते, पुस्तकात सगळं स्वच्छ छापून आलं असतं. इथे माळावर बसलेल्या म्हातारीशिवाय कुणाला कळणार होतं? त्याने एकदा सावित्रीकडे बघितलं. मग तो म्हणाला, "जीनबाई आहेत का तिथे?"

मागच्या रांगेतून एक बाई उठून पुढे आली. वयाने त्याच्याच जवळपासची, अंगात जाड स्वेटर. गुरुदासने हात जोडले. "बाई, मी खोटं बोललो. तुमच्या वडिलांनी बदकं विकली नाहीत. आम्हीच नेली. मला आज कळलं, पण त्याने काही बदलत नाही. मी त्यांचं नाव घ्यायला नको होतं."

हॉलमध्ये कुजबुज झाली. राखण म्हणजे काय, जागेवाला कोण, हे इंग्रजीत कसं सांगायचं त्याची तो मनात जुळवाजुळव करत होता. आम्ही चोर नव्हतो, भुकेले नव्हतो, ती आमची रीत होती, हे तरी यांना कळायला हवं ना! त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात जीनच बोलली.

"मला माहीत होतं. वडिलांनी पाहिलं होतं तुमच्यातल्या एकाला, कोटाखाली बदकं लपवून नेताना. त्यांनी अडवलं नाही. साहेबांनी विचारलं तेव्हा सांगितलंही नाही, म्हणून त्यांची नोकरी गेली. आईला म्हणाले, ती पोरं घरापासून इतक्या लांब आहेत, उपाशी आहेत, त्यांना तुरुंगात कसं घालू? मरेपर्यंत त्यांनी दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही. मलाही सांगू दिलं नाही." ती पडद्याच्या आणखी जवळ आली. "एवढंच सांगा, तुम्ही खरंच उपाशी होता ना?"

गुरुदासला बेकरीवालीची पावाची पिशवी आठवली. चर्चमधलं सूप आठवलं. आम्ही उपाशी नव्हतो, हे वाक्य त्याने वर्षभर किती वेळा लिहिलं होतं, ठणकावून, भांडून, रात्री झोप टाकून. ते त्याच्या जिभेवर आलंही.

"हो बाई," तो म्हणाला. "खूप भूक लागली होती आम्हाला. तुमच्या वडिलांमुळे जेवलो."

जीनने डोळे पुसले. डोरीनबाई खाली मान घालून लिहीत होत्या. गुरुदासने परत हात जोडले आणि फोन बंद केला. तिकडचं इंग्रजी सावित्रीला कळलं नव्हतं, पण याचे डोळे दिसत होते.

"काय रे? राखणेचा सांगलंस मां त्यांका?"

"गप रव गो, वयनी," तो खेकसला, आणि इस्त्रीचा शर्ट अंगात तसाच ठेवून झावळ्यांवर तिच्याकडे पाठ करून पडला.