वांग्याचं पथ्य

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते इस्पितळातल्या आमच्या थोरल्या डॉक्टरांचे. पदवी माझ्याजवळ होती, पण घोंगड्या विणणाऱ्याच्या घरातला मी पहिलाच शिकलेला. गावच्या शाळेतून आलेलो, इंग्रजी वाचताना अडखळायचो. ते संध्याकाळी मला बंगल्यावर बोलवायचे आणि परदेशी वैद्यकीय मासिकं मोठ्यानं वाचायला लावायचे. माझा उच्चार चुकला तरी हसायचे नाहीत. पुढच्या वाक्यात तोच शब्द बरोबर म्हणायचे, एवढंच. मग त्यांच्या पत्नी मला जेवायला वाढायच्या.

इस्पितळ मनोरुग्णांचं होतं. तेव्हा सगळे त्याला वेड्यांचं इस्पितळ म्हणत, आम्हीही. रोगी फार खवळला तर पॅराल्डिहाइड हे गुंगीचं औषध पाजायचं. त्याचा उग्र वास चादरींना, भिंतींना, आमच्या जेवणाच्या डब्यांनासुद्धा यायचा. मग क्लोरप्रोमाझिनच्या गोळ्या आल्या. वर्षानुवर्षं ओरडणारी माणसं खाटेच्या कडेला बसून स्वतःच्या हातांकडे बघायला लागली. सगळे म्हणाले, चमत्कार झाला. मीही म्हणालो. पण पहिले काही दिवस त्या शांत वॉर्डातून एकट्यानं जाताना मला भीती वाटायची.

पुढे मी पिंपरीच्या एका दवाखान्यात लागलो. कारखाना नवा होता, एका अंगाला निर्वासितांची छावणी, दुसऱ्या अंगाला बाजरीची रानं. या भागातला कुणी रोगी इस्पितळातून सुटला की थोरले डॉक्टर त्याला माझ्याकडे सोपवत आणि गोळ्याही पाठवत. निघताना त्यांनी मला एक गोष्ट बजावून सांगितली होती.

"पथ्य सांगितल्याशिवाय गोळी द्यायची नाही. पथ्य नसलेलं औषध आपल्या माणसांना औषधच वाटत नाही, चार दिवसांत सोडून देतात. वांगं सांगत जा. वांगं सोडल्यानं कुणी मरत नाही."

आणि ते खरंच होतं. माझ्या स्वतःच्या आईनं वैद्याचा काढा घेताना अख्खं वर्ष चिंच सोडली होती.

त्या वर्षी आषाढात पिंपळे गुरवचा एक तरुण शेतकरी माझ्याकडे आला. दोन पावसाळ्यांपूर्वी त्याचा थोरला भाऊ पवनेच्या पुरात बैल सोडवायला उतरला होता. बैल बाहेर आला, भाऊ आला नाही, प्रेतही मिळालं नाही. काही महिन्यांनी धाकट्याला त्याच्या हाका ऐकू यायला लागल्या. तो भाकरी नेऊन नदीत सोडायचा, मग स्वतःच डोहाकडे धावायचा. एकदा बायकोनं आडवं येऊन अडवलं तर तिचा हात मोडेपर्यंत मारलं. इस्पितळात गेला तो त्यानंतर. बायकोला तिच्या भावांनी चाकणजवळच्या माहेरी नेलं.

आता तो घरी आला होता. मेहुण्यांनी निरोप धाडला होता की चंपाषष्ठीला जेवायला येऊ, माणूस डोळ्यांनी बघू आणि मगच बहिणीला ठेवायचं का ते ठरवू. त्याच्या म्हाताऱ्या आईनं पहिल्याच दिवशी मला हे सांगितलं, आणि लगेच विचारलं, पथ्य काय?

मी वांगं सांगितलं. ती समाधानानं मान हलवून गेली.

दर रविवारी ती त्याला घेऊन चालत यायची आणि गोळ्या पदराच्या गाठीत बांधून न्यायची. श्रावण गेला, भादवा गेला. तो शांत झाला होता. शेतात जायचा, पण उन्हानं त्याची कातडी करपल्यासारखी काळी पडली. पावलं बारीक पडत, हात हलत नसत, चेहऱ्यावर काहीच उमटत नसे. गोळीचाच तो परिणाम. मी थोरल्या डॉक्टरांना विचारून मात्रा थोडी उतरवली. गावात मात्र बोलणं झालं होतं की इस्पितळानं माणूस ठेवून घेतला आणि सावली परत पाठवली.

एकदा मी त्याला हाकांविषयी विचारलं.

"येत्यात," तो म्हणाला. "पन नदीच्या पल्याडनं. लांबनं येत्यात. आता उठून जावं लागत न्हाई."

हाका पूर्ण थांबाव्यात असं त्याला वाटतं का, हे विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. मी आठवड्याच्या गोळ्या मोजून म्हातारीला दिल्या.

चंपाषष्ठीला त्यांनी मला जेवायला बोलावलं. ओसरीवर पंगत बसली होती. चातुर्मासात सोडलेलं वांगं त्या दिवशी खंडोबाच्या नैवेद्यानं पुन्हा सुरू होतं, त्यामुळे पानात भरीत आणि बाजरीचा रोडगा. भंडाऱ्यानं सगळ्यांची कपाळं पिवळी झाली होती. दोन्ही मेहुणे समोर बसले होते, त्यांची बहीण आत चुलीपाशी होती.

आणि माझा रोगी हसत होता. खांदे सैल, मान वळते आहे, हात ताटावर भराभर चालतो आहे. थोरला मेहुणा त्याला छेडत होता, "दाजी, सरकारी पाहुणचार मानवला की राव. गाल बघा, आमाला बी धाडा तिकडं." तो म्हणाला, "धाडतो की. पन तिथं भरीत न्हाई मिळत, सांगून ठिवतो." सगळी पंगत हसली. म्हातारी दाराआडून बघत होती, आणि तिनं त्याला दोनदा भरीत वाढलं.

वांगं बघून मला गंमत वाटली. माणूस बरा झाला तसं घरानं पथ्य सैल केलं, असं मी समजलो. मात्रा उतरवल्याचा गुण आला म्हणून मनातून खूश होतो. संध्याकाळी मेहुणे गेले ते बहिणीला ठेवून.

त्यानंतरही दर रविवारी म्हातारी गोळ्या न्यायला येत होती. तो बरोबर असला तर हसून बोलायचा. पुढे पुढे ती एकटीच यायला लागली. शेतात काम आहे, म्हणायची.

संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात, भर दुपारी, तो डोहात उतरला. भाऊ गळ्यापर्यंत पाण्यात उभा आहे आणि दमला आहे, असं बायकोला सांगून गेला. ती ओरडत मागं धावली. जाळी वाळत घालणाऱ्या भोयांनी त्याला ओढून काढलं. मी सायकलवरून पोचलो तेव्हा त्याला घोंगडीत गुंडाळून बैलगाडीला बांधलेलं होतं. त्याचे ओठ निळे पडले होते. मला बघून तो अगदी समजुतीच्या आवाजात म्हणाला,

"मला काढलं तुमी. त्याला तिथंच ठिवलं."

त्याच गाडीतून त्याला इस्पितळात नेलं. मेहुणे दुसऱ्या दिवशी येऊन बहिणीला घेऊन गेले.

म्हातारी दवाखान्यात आली ती त्यानंतर. तिनं माझ्या टेबलावर देव्हाऱ्यातला कोटंबा ठेवला. भंडारा ठेवायचं ते लाकडी भांडं, त्यात हळदीनं पिवळ्या झालेल्या गोळ्या. चंपाषष्ठीच्या आधीपासूनच्या सगळ्या. मी विचारत गेलो आणि ती सांगत गेली. देवाचा नैवेद्य नाकारता येत नाही. पंगतीत मेहुण्यांसमोर त्यानं वांगं खाल्लं नसतं तर त्यांनी ओळखलं असतं की औषध चालू आहे, माणूस अजून आजारीच आहे. आणि औषधावर वांगं गेलं तर विष होतं. म्हणून तिनं सणाच्या आधीच गोळी थांबवली. पोटातून वांगं पुरतं जायला सवा महिना लागतो, तो झाला की पुन्हा सुरू करणार होती. सवा महिना भरत आला होता.

"गोळ्या टाकल्या न्हाईत, डाक्तर. औषध हाय, म्हनून द्येवापाशी ठिवल्या." मग ती थोडी पुढे वाकली. "आमी एक घास चुकलो न्हाई. दोनी एका पोटात जाऊ दिलं न्हाई. मग असं का झालं?"

गोळी बंद झाल्यावर आधी तिचे त्रास जातात, आजार मागाहून परततो. म्हणून तर तो पंगतीत हसला. हे मला तेव्हा तिच्या भाषेत सांगता आलं नाही. गोळी आणि वांगं यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, एवढंच सांगितलं. ती उठली आणि कोटंबा पदराखाली घेऊन गेली.

पुढच्या पावसाळ्याआधी तो घरी आला. बायको आली नाही. नदीला पाणी चढलं की तो डोहाकडे पाठ करून बसायचा. त्यानंतर मी कुणालाच खोटं पथ्य सांगितलं नाही. त्यामुळे काहींनी औषध सोडलंही.

तो इस्पितळात असताना मी थोरल्या डॉक्टरांना जे पत्र पाठवलं, त्याची नक्कल माझ्याजवळ आहे.

"तीर्थस्वरूप डॉक्टरसाहेब यांस शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

पिंपळे गुरवचा आपला रोगी पुन्हा आपल्याकडे आला आहे. नातेवाइकांनी हयगय करून औषध बंद केलं, असा शेरा त्याच्या कागदावर असल्याचं मला कळलं. तो शेरा राहिला तर त्याला या घरी पुन्हा सोडणार नाहीत, आणि दुसरं घर त्याला नाही. म्हणून लिहितो.

हयगय झालेली नाही. पथ्य आपण मला शिकवलंत, मी त्याच्या आईला सांगितलं आणि तिनं ते पाळलं. वांगं आणि औषध एकत्र जाऊ नये एवढ्यासाठी तिनं गोळी थांबवली. मला सगळं आपण दिलंत, म्हणून हे आपल्याला लिहिणं जड जातं. परंतु त्या बाईवर ठपका राहू देणं मला जमणार नाही.

शेरा काढावा आणि त्याला बरं वाटताच घरी पाठवावं. या खेपेला पथ्य काही सांगू नये. मी रोज सायकलवरून जाऊन माझ्या समोर गोळी देत जाईन.

आणखी एक. भावाला बाहेर काढलं का, असं तो आपल्याला विचारील. त्याला काढलं आणि भावाला तिथंच ठेवलं, असं तो मला म्हणाला होता. आपण त्याला काय सांगाल ते कृपया कळवावं, म्हणजे तो घरी आल्यावर मीही तेच सांगेन.

आपला आज्ञाधारक"