कंपासबाईंचं वर्तुळ

गावच्या सरकारी हायस्कूलात भूमिती शिकवणाऱ्या बाईंना सगळे कंपासबाई म्हणत, आणि गंमत अशी की बाईंनी जन्मात कधी कंपासला हात लावला नव्हता. फळ्यासाठीचा तो मोठा लाकडी कंपास कपाटावर धूळ खात पडलेला. बाई खडू उचलायच्या, खांद्यापासून हात फिरवायच्या आणि एका दमात वर्तुळ पुरं! सुरुवात कुठली नि शेवट कुठला, शोधून दाखवा. मग हात झटकत त्या थेट शेवटच्या बाकापर्यंत चालत जायच्या, मागे वळून आपलंच वर्तुळ डोळे भरून बघायच्या आणि म्हणायच्या, "हं." त्या एका "हं"मध्ये जेवढं कौतुक असायचं, तेवढं त्यांनी नवऱ्याचंही कधी केलं नसेल.

वर्गात कायदा एकच. ज्याची चूक, तो कपाटाशी उभा, तास संपेपर्यंत. रडून सूट नाही, पोट दुखून नाही, वडिलांचा हुद्दा सांगून तर मुळीच नाही. गावातली निम्मी मोठी माणसं त्या कपाटाला पाठ टेकूनच मोठी झालेली. अजूनही बाई बँकेत शिरल्या की मॅनेजर आपसूक उभा राहतो आणि काय काम होतं ते विसरतो.

अशा बाईंना मोतीबिंदू झाला. पण मानतील तर शपथ! दोष खडूचा, दोष फळ्याचा, दोष वर्गातल्या मरतुकड्या दिव्यांचा. एके दिवशी खिडकीजवळच्या खुंटीवर कुणीतरी कोट टांगला होता. बाई कडाडल्या, "ए, तुला वेगळं सांगायला हवं का? खाली बस!" कोट कसला बसतोय! बाई तरातरा गेल्या, कान धरायला हात घातला, तर हातात बाही आली. पोरांनी हसू कसं गिळलं त्यांचं त्यांना ठाऊक. बाई बाही झटकून म्हणाल्या, "कोट घडी करून ठेवायला काय हात मोडतात का तुमचे?" पडले तरी नाक वर!

पण असल्या गोष्टी लपतात थोड्याच. मुख्याध्यापकही बाईंचेच विद्यार्थी, त्यामुळे आत यायची छाती होईना. दारातूनच चाचरत म्हणाले, "बाई, सुट्टीत डोळ्यांचं काहीतरी कराच. नाहीतर भूमिती नव्या सरांकडे द्यावी लागेल. तुम्ही आपलं ग्रंथालय सांभाळा."

नवे सर बटण दाबून पडद्यावर वर्तुळ काढायचे.

"फळा गेला तर मी उरले कशाला?" घरी आल्यावर त्या नवऱ्याला म्हणाल्या. "अहो, हात शाबूत आहे माझा. वर्तुळ अजून कसं बांगडीसारखं जुळतं!"

नवरा शिंपी. सुईत दोरा ओवता ओवता म्हणाला, "वर्तुळ जुळतं, पण परवा मला विक्रेता समजून दार लावून घेतलंस त्याचं काय? जा त्या डॉक्टरकडे."

"कुठल्या? त्या कॉपीबहाद्दराकडे?"

इथेच तर घोडं पेंड खात होतं. गावात डोळ्यांचा डॉक्टर एकच, आणि नववीत असताना शेजारच्याच्या पेपरात बघताना बाईंनी त्याला रंगेहाथ पकडलेलं. कपाटाशी आठवडाभर रोज तासभर उभा होता पठ्ठ्या.

"अगं, कॉपी केली ती भूमितीत. डोळ्यात कुठलं प्रमेय आलंय?"

"डॉक्टरकीच्या परीक्षेतही केली नसेल कशावरून?"

"मग ग्रंथालयात बस. नाहीतरी पुस्तकं वाचायला दिसणार नाहीतच." नवरा पुढे हळूच पुटपुटला, "अडला हरी, गाढवाचे पाय धरी." बाईंना दिसत कमी होतं, ऐकू चांगलं येत होतं. त्या दिवशी चहा मिळाला नाही बिचाऱ्याला.

शेवटी बाई गेल्या. ऑपरेशनच्या टेबलावर आडव्या झाल्या, डॉक्टर वाकला, आणि बाईंनी बजावलं, "आता तरी इकडेतिकडे बघू नकोस."

"नाही बाई," डॉक्टर म्हणाला, "आज तुमच्याच डोळ्यात बघायचंय." म्हणाला खरा, पण मास्कच्या आत त्याला घाम फुटला होता, असं तिथली नर्स सांगते.

हात मात्र त्याचा जराही हलला नाही. सुट्टी संपली आणि बाई नव्या नजरेने वर्गात शिरल्या. अरे देवा, काय काय दिसत होतं! फळ्याला तडा होता. तिसऱ्या बाकावरच्या टग्याला मिसरूड फुटलं होतं. बाईंनी खुशीत खडू उचलला, खांद्यापासून हात फिरवला आणि सवयीने मागच्या बाकाकडे निघाल्या. अलीकडे त्या अशा निघाल्या की वर्गात जराशी खुडबुड व्हायची. आजही झाली. पण आज बाईंना राहवेना. दोन पावलं टाकून त्या मध्येच वळल्या.

वर्तुळ जुळलंच नव्हतं. दोन्ही टोकांच्या मध्ये चांगलं वीतभर अंतर होतं. आणि पहिल्या बाकावरची चष्मेवाली पोरगी खडू घेऊन फळ्यापाशी पोहोचली होती.

"हातात काय आहे?"

"खडू, बाई."

"तू जोडत होतीस? कधीपासून?"

पोरीने मान खाली घातली आणि कायद्याप्रमाणे निमूट कपाटाकडे निघाली. तेवढ्यात मिसरूडवाला उठला. मग त्याच्यामागचा. बघता बघता अख्खा वर्ग उभा! इतके दिवस झाकली मूठ सव्वा लाखाची ठेवली होती गुलामांनी, एकाच्याही तोंडून अवाक्षर नाही.

बाईंनी खांद्याला हात लावला. डोळे दुरुस्त झाले होते. म्हातारा झाला होता तो हात.

"खाली बसा सगळे," त्या म्हणाल्या, आणि स्वतः जाऊन कपाटाशी उभ्या राहिल्या.

"बाई, तुम्ही कशाला?" पोरगी घाबरून म्हणाली.

"चूक कुणाची? मग! कायदा काय तुमच्यापुरताच आहे? जा, जोड ते."

पोरीने टोकं जोडली. बाईंनी कपाटाशी उभ्या उभ्या वर्तुळाकडे बघितलं, मग त्या पोरीकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "हं."

तासभर त्या तिथून हलल्या नाहीत. पुढचं प्रमेय चष्मेवालीनेच शिकवलं. बाई मध्ये एकदाच बोलल्या, "जरा मोठ्याने सांग, इथवर ऐकू येत नाही."